तीस दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजतात

प्रश्न : मी चाकणला एका कारखान्यात नोकरी करतो. पत्नी पुण्यात परिचारिका आहे. ती मूळची आसाममधल्या बराक खोऱ्यातली, बंगाली हिंदू. बाळंतपणासाठी सासूबाई जूनपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आमच्याकडे होत्या. ऑगस्टमध्ये त्यांच्या शेजाऱ्याने घराच्या दाराला चिकटवलेल्या एका कागदाचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला. मतदारयादीचं काहीतरी असेल असं वाटून मी तो बाजूला ठेवला. सासूबाई गावी परतल्यावर कळलं की ती फॉरेनर्स ट्रिब्युनलची, म्हणजे कोण परकीय हे ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाची नोटीस होती. हजर न राहिल्यामुळे त्यांना एकतर्फी आदेशाने परकीय ठरवलं आहे. घाबरून त्या पुन्हा आमच्याकडे आल्या आहेत. त्यांच्याकडे आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड सगळं आहे. एनआरसीत (आसामच्या नागरिक नोंदवहीत) नावही आहे. सीएएखाली (नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली) अर्ज करा, असं एका ओळखीच्यांनी सुचवलं. मुंबई उच्च न्यायालयात काही करता येईल का? (आदेश ११ नोव्हेंबरचा आहे.)

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, कंसात लिहिली आहे. पत्र माझ्या हाती पडलं ४ डिसेंबरला. तेवीस दिवस गेले होते आणि सात उरले होते. म्हणून त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण आसामात माहेर किंवा सासर असलेली आणि पोटासाठी महाराष्ट्रात आलेली माणसं वर्षभर मला हेच विचारत आहेत. बहुतेकांचं पत्र येतं तेव्हा मोजायला दिवस उरलेले नसतात.

ट्रिब्युनलसमोर माणूस आला नाही म्हणून एकतर्फी आदेश झाला, तर तो रद्द करून प्रकरण पुन्हा ऐकण्याचा अधिकार त्याच ट्रिब्युनलला आहे. १९६४ च्या ट्रिब्युनल आदेशात तशी तरतूद आहे. त्यासाठी गैरहजेरीला पुरेसं कारण लागतं आणि अर्ज तीस दिवसांच्या आत यावा लागतो. हे तीस दिवस आदेश झाला त्या तारखेपासून धावतात. आदेश तुम्हाला कधी कळला, प्रत कधी मिळाली, पोलीस दारात कधी आले, याने ती तारीख हलत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा विदेशी नागरिक कायदा जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू झाला, नोटीस त्याच्या आधीची आणि आदेश नंतरचा, मग कोणता कायदा धरायचा, असं तुम्ही फोनवर विचारलंत. त्या वादात आत्ता एक तासही घालवू नका. तीस दिवसांची मुदत दोन्हीकडे आहे.

या मुदतीपुढे बाकी सगळं दुय्यम का, ते सांगते. साध्या दिवाणी दाव्यात प्रतिवादी आला नाही, तरी वादीला आपलं म्हणणं शाबीत करावंच लागतं. इथे तसं नाही. जुन्या कायद्याचं कलम ९ आणि नव्या कायद्याचं कलम १६ सांगतं की आपण परकीय नाही, हे ज्याच्यावर संशय आहे त्यानेच सिद्ध करायचं. तुम्ही गेला नाहीत म्हणून पुरावा गेला नाही, आणि पुरावा नाही म्हणून तुम्ही परकीय. सरकारी बाजूला एकही साक्षीदार उभा करावा लागत नाही. सासूबाईंच्या आदेशाची जी प्रत तुम्ही पाठवलीत, ती दोन पानांची आहे. त्या कधी आल्या, कुठून आल्या, कुठल्या बाजूने सीमा ओलांडली, याबद्दल तिच्यात एक वाक्य नाही. तसं वाक्य लिहिण्याची गरजच कायद्याने ठेवलेली नाही.

हे पूर्वी असं नव्हतं. १९८३ मध्ये खास आसामसाठी आयएमडीटी कायदा केला होता. त्यात एखादा माणूस बेकायदा आला आहे हे आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचं होतं. १२ जुलै २००५ रोजी सर्बानंद सोनोवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. त्या कायद्यामुळे घुसखोर सापडणंच अवघड झालं आहे, आणि बाहेरच्या आक्रमणापासून राज्याचं रक्षण करणं हे घटनेच्या कलम ३५५ नुसार केंद्राचं कर्तव्य आहे, असं न्यायालय म्हणालं. बांगलादेशाशी आपली सीमा चार हजार किलोमीटरहून जास्त लांब आहे. आसामच्या वाट्याच्या सीमेवर मोठमोठ्या नद्या आहेत, आणि पाण्यात कुंपण उभं राहत नाही. ती सीमा राखलीच पाहिजे, बेकायदा आलेल्याला परत पाठवायचा अधिकार देशाला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण नदीवर जो माणूस अडवता आला नाही, त्याला पन्नास वर्षांनी दारावर कागद चिकटवून शोधायचं असेल, तर कागद योग्य हाती पडला का, हे तरी नीट पाहायला नको का? पुराव्याचा सगळा भार एका बाईच्या डोक्यावर ठेवायचा आणि नोटीस बंद दाराला लावून निघून जायचं, याचा मला मनापासून राग येतो.

त्याच व्यवस्थेची दुसरी बाजूही पाहा. आसामात शंभर ट्रिब्युनलं आहेत आणि प्रकरण साठ दिवसांत निकाली काढा असं नियम सांगतो. पण ३१ ऑगस्ट २०१९ ला एनआरसीची अंतिम यादी लागली, १९ लाखांहून अधिक माणसं बाहेर राहिली, आणि नाव नाकारल्याचा जो लेखी कागद हातात आल्याशिवाय अपील करता येत नाही, तो वर्षानुवर्षं निघालाच नाही. ज्यांना खरोखर परत पाठवायचं होतं तेही खोळंबलेलेच. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसामातल्या मातिया इथे परकीयांना ठेवायच्या केंद्रात अडकून पडलेल्या ६३ जणांवरून आसाम सरकारला विचारलं, कुठल्या मुहूर्ताची वाट पाहताय? सामान्य माणसाला मात्र तीस दिवस.

आता तुमच्या फोनमधला तो फोटो. तो पुसू नका. ‘नोटिशीची कसलीही कल्पना नव्हती’ असं प्रतिज्ञापत्र सासूबाईंच्या नावे करायला तुम्हाला कुणीतरी सुचवलं आहे. तसं मुळीच करू नका. एक तर ते खोटं आहे. शिवाय फोटो शेजाऱ्याने काढला आहे, तो त्याच्याही फोनमध्ये असणार. प्रतिज्ञापत्रातली एक ओळ खोटी निघाली की उरलेल्या पन्नास खऱ्या ओळींवर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि सत्य तुमच्या विरुद्ध आहे, असं तुम्हाला का वाटतं? फोटोवर तारीख आहे. दाराला कुलूप दिसतं आहे. नोटीस इंग्रजीत होती, ती हजारो किलोमीटर दूर असलेल्या जावयाच्या फोनवर आली, आणि जावयाने ती वाचली नाही. हे सगळं तुम्ही स्वतःच्या वेगळ्या प्रतिज्ञापत्रात लिहायचं. सासूबाईंना तेव्हा सांगितलंत का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही अडखळलात आणि मग म्हणालात, ‘मतदारयादीचा कागद आला आहे एवढं बोललो होतो.’ मग नेमकं तेवढंच लिहा.

स्पष्ट बोलते, राग मानू नका. घरातल्या माणसाच्या नावाचा सरकारी कागद दाराला लागतो, त्यावर शिक्का दिसतो, आणि तो ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत तुमच्या फोनमध्ये पडून राहतो. कारखान्यातली एखादी ऑर्डर तुम्ही अशी पडू दिली असती का? निष्काळजीपणा तुमचा आहे, सासूबाईंचा नाही. नेमकं हेच ट्रिब्युनलला पटवायचं आहे. गौहाटी उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१३ मध्ये मोस्लेम मंडल प्रकरणात बजावलं आहे की एकतर्फी आदेश सहजासहजी रद्द होणार नाहीत, कारण खरोखर सबळ हवं. त्यामुळे चूक कुणाची, हा प्रश्न इथे मानापमानाचा राहत नाही. सगळा अर्ज त्यावर उभा आहे.

अर्जाला काय जोडायचं, तेही ऐका. जूनचं रेल्वे तिकीट. मुलीचं रुग्णालयातलं डिस्चार्ज कार्ड आणि बाळाच्या जन्माची नोंद. त्या महिन्यांत सासूबाईंच्या खात्यातून पुण्याच्या एटीएमवर पैसे निघाले असतील तर बँकेचा उतारा. सोसायटीच्या गेटवरची नोंद. आणि शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, की घर तेव्हा बंद होतं आणि बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या.

त्याच दिवशी तिथल्या वकिलांना फाइल पाहायला सांगा आणि नोटीस बजावणीच्या अहवालाची प्रमाणित नक्कल मागवा. माणूस घरी नसेल तर नोटीस घरातल्या प्रौढ व्यक्तीला देता येते. माणूस राहतं घर सोडून गेला असेल तर शेवटच्या पत्त्यावर चिकटवता येते. पण घर कुणी दाखवलं आणि कुणाच्या समक्ष चिकटवली, हे अहवालात यायला हवं. काही महिने लेकीकडे गेलेली बाई घर सोडून गेलेली नसते. शेजाऱ्याला विचारायची तसदीही घेतली नव्हती असं अहवालावरून दिसलं, तर तुमचा अर्ज बराच बळकट होतो. अहवालात ‘नातेवाइकाने घेण्यास नकार दिला’ असं लिहिलेलं मी दुसऱ्या एका प्रकरणात पाहिलं आहे. त्या घरात नातेवाईक कुणी राहतच नव्हतं.

आता ज्या गोष्टी तुम्हाला मोठा आधार वाटतात, त्या थोडक्यात. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र यांनी कुणी नागरिक ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्याच्या एका प्रकरणात जामीन नाकारताना हे पुन्हा सांगितलं. एनआरसीतलं नावही वाचवत नाही. १७ मे २०१९ च्या अब्दुल कुद्दुस निकालानुसार ट्रिब्युनलचा निर्णय एनआरसीच्या नोंदीवर मात करतो. आणि मुंबई उच्च न्यायालय या प्रकरणात काही करू शकत नाही. ट्रिब्युनल आसामातलं, आदेश आसामातला, रिट याचिका करायची वेळ आलीच तर गौहाटीला.

सीएएचा सल्ला ज्यांनी दिला त्यांचा हेतू चांगला असेल, पण तो सल्ला घातक आहे. सीएए आहे तो पाकिस्तान, बांगलादेश किंवा अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांसाठी. त्याचा अर्ज भरताना आपण त्या देशातून आलो, असं लिहून द्यावं लागतं. सासूबाई जन्मल्या बराक खोऱ्यातल्याच काछाड जिल्ह्यात, १९६२ मध्ये. त्यांनी ‘मी बांगलादेशातून आले’ असं लिहून दिलं, तर सरकारी बाजूला जे सिद्ध करावंच लागत नाही ते त्यांनी स्वतःच्या सहीने सिद्ध करून दिलं. जुलै २०२४ मध्ये आसाम सरकारने सीमा पोलिसांना लिहिलं होतं की २०१४ पूर्वी आलेल्या या समाजांतल्या लोकांची प्रकरणं सरळ ट्रिब्युनलकडे न धाडता त्यांना सीएएचा मार्ग दाखवा. त्यामुळे बराक खोऱ्यात हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. जो खरोखर तिकडून आला त्याच्यासाठी तो ठीक असेल. इथे जन्मलेल्याने त्या कागदाला हातही लावू नये.

एकतर्फी आदेश रद्द झाला, तर खरी लढाई तेव्हा सुरू होईल. उत्तराला आणि पुराव्याला प्रत्येकी दहा दिवस, अशी मोजणी आहे. म्हणून कागद आत्तापासून गोळा करा. तुमचे आजेसासरे, म्हणजे सासूबाईंचे वडील, सिल्हेटहून १९५० च्या सुमारास आले, असं तुम्ही सांगितलंत. जुलै १९४७ च्या सार्वमतानंतर सिल्हेटचा बहुतांश भाग पूर्व पाकिस्तानात गेला आणि बराक खोऱ्यातल्या असंख्य घरांची गोष्ट तिथूनच सुरू होते. आजेसासऱ्यांची निर्वासित नोंदणी आणि १९६६ च्या मतदारयादीतलं नाव, हे दोन्ही कागद मूळ स्वरूपात किंवा प्रमाणित प्रतीत हवेत. ते केव्हा आले यावर कदाचित वाद होईल. पण २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ नुसार जन्मानेच नागरिक असते. सासूबाई इथे जन्मल्या आणि त्या अमुक माणसाची मुलगी आहेत, हे दाखवता आलं पाहिजे. यातलं काय पुढे मांडायचं आणि काय मागे ठेवायचं, ते तिथले वकील फाइल पाहून ठरवतील. माझं रोजचं काम पुण्यात आहे, तिथल्या ट्रिब्युनलची रीत मी लांबूनच जाणते.

अडचण ‘मुलगी’ या शब्दात आहे, आणि आसामात बायका याच शब्दावर हरतात. शाळेचा दाखला नाही, जन्मनोंद नाही, सोळाव्या वर्षी लग्न, मतदारयादीत नाव आलं ते नवऱ्याचं नाव लावून. बापाशी जोडणारा कागदच नसतो. अशा वेळी उपयोगी पडतो ग्रामपंचायतीचा दाखला. डिसेंबर २०१७ मध्ये रूपजान बेगम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो वडील-मुलीचा दुवा म्हणून ग्राह्य धरला, पण त्यातला मजकूर तपासून पाहण्याच्या अटीवर. म्हणून दाखला देणाऱ्या सचिवाने दप्तर घेऊन साक्षीला यायला हवं, नुसता कागद जोडून भागत नाही. सासूबाईंचे धाकटे भाऊ हयात आहेत, त्यांनीही स्वतःच्या कागदपत्रांसह उभं राहून ‘ही माझी सख्खी बहीण’ असं सांगायचं. नाव एका ठिकाणी ‘बाला’, दुसऱ्या ठिकाणी ‘राणी’, वयात तीन वर्षांचा फरक, याची भीती तुम्हाला वाटते आहे. ११ जुलै २०२४ च्या रहीम अली निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की स्पेलिंगच्या, तारखांच्या किरकोळ फरकांवरून कुणाला परकीय ठरवता येत नाही, आणि हाती काहीच आधार नसताना कुणालाही उचलून ‘सिद्ध कर’ असं म्हणता येत नाही. त्या प्रकरणातही आदेश एकतर्फीच होता, २०१२ चा. न्याय मिळायला बारा वर्षं गेली, आणि निकाल लागला तेव्हा तो माणूस हयात नव्हता.

घाईघाईने एखाद्या एजंटकडून उशिरा नोंदवलेला जन्मदाखला काढू नका. महाराष्ट्रात २०२५ मध्ये मालेगावच्या चौकशीनंतर असे दाखले किती संशयाने पाहिले जातात, ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेलच. खऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात एक संशयास्पद कागद आला की सगळा गठ्ठा बाधतो.

तुमच्या पत्नीचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. त्यांचा जन्म १९९४ चा. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ या काळात जन्मलेल्याला आई किंवा वडील यांपैकी एक नागरिक असल्याचं दाखवावं लागतं. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या बाळाला एक पालक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, असं लागतं. आईच्या विरुद्धच्या आदेशाने मुलगी आपोआप परकीय होत नाही. पण संशयाची फाइल घरातल्या पुढच्या माणसाकडे सरकते, हे मी पाहिलं आहे. दिवंगत सासऱ्यांची १९७१ पूर्वीच्या यादीतली नोंद तुमच्या पत्नीच्या नावाने वेगळी काढून ठेवा. पाच महिन्यांच्या बाळासाठी हे करता आहात, असं समजा.

ज्यांचे तीस दिवस संपले आहेत त्यांच्यासाठी : गौहाटी उच्च न्यायालयात घटनेच्या कलम २२६ खाली रिट करता येते, पण उशीर का झाला, हा पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर दिवसागणिक पडकं होत जातं. तिथे पुरावा नव्याने तोलत नाहीत, कायद्याची किंवा प्रक्रियेची चूक पाहतात. आणि आता सगळं ट्रिब्युनलमार्गेच होईल, असंही धरून चालू नका. आसाम मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये १९५० च्या निष्कासन (आसामातून स्थलांतरितांना बाहेर काढण्याच्या) कायद्याखाली कार्यपद्धती मंजूर केली. तिच्यात जिल्हा आयुक्त दहा दिवसांत पुरावा मागतात, आणि तो पटला नाही तर चोवीस तासांत देश सोडण्याचा आदेश निघू शकतो. दाराला लागलेला कागद त्याच दिवशी वाचून घ्या.

सासूबाईंना पुण्यात लपवून ठेवण्याचा विचार सोडा. जून २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकललं गेलं आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावं लागलं. त्यांच्याविरुद्ध कुठला आदेशही नव्हता. सासूबाईंविरुद्ध तो आहे. त्यांच्याजवळ दाखल केलेल्या अर्जाची शिक्का असलेली प्रत कायम असू द्या. प्रवासात तुम्ही किंवा पत्नी सोबत राहा.

तुमचा अर्ज ९ डिसेंबरला, अठ्ठाविसाव्या दिवशी दाखल झाला, हे वाचून मला फार बरं वाटलं. आदेशाला स्थगिती आणि जामीन या दोन्ही विनंत्या त्यात आहेत ना, ते वकिलांना आजच विचारा. नसतील तर सुनावणीआधी वेगळा अर्ज द्या, कारण आदेश उभा असताना सासूबाई तिथे गेल्या तर ताब्यात घेतलं जाण्याचा धोका खरा आहे. वकिलांची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तारखेला सासूबाईंनी स्वतः हजर राहायचं, तुम्हीही जायचं, फोन आणि त्यातला फोटो सोबत न्यायचा. जाण्याचं तिकीट आत्ता काढा. परतीचं ट्रिब्युनल काय म्हणतं ते ऐकल्यावर काढा.